कोण कोण येऊन राहिलंय?

चिंचवाडी हे माझ्या आईचं माहेर. उदगीर तालुक्याच्या अगदी काठावरचं गाव. आठवडी बाजाराला लोक मुखेडला जायचे, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. सोयरिकी बिदरकडे व्हायच्या, म्हणजे कर्नाटकात. आणि कलेक्टर कचेरीत काही काम निघालं की मात्र थेट उस्मानाबाद गाठावं लागायचं. एका सहीसाठी माणसं भाकरी बांधून निघायची आणि स्टँडवर मुक्काम करून परतायची.

धुरपताबाई ही माझी मामी, केरबामामाची बायको. धुरपताबाईनं हाक मारली की बायका चुलीवरचं तसंच ठेवून निघायच्या, असं गावात अजून सांगतात. ते खरं आहे. पण तिनं हाक मारणं का सोडलं, ते फार कुणाला माहीत नाही. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती नांदेडला आमच्याकडे येऊन राहिली, तेव्हा दुपारी माझ्याशेजारी डाळ निवडायला बसायची. डोळ्यावर हिरवी पट्टी. डाळ काही दिसायची नाही, पण हाताला काम पाहिजे म्हणून बोटांनी चाचपून खडे काढायची आणि बोलायची. तिचं बरंचसं मला तेव्हा कळलं.

मुळात मामी काही धीट बाई नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा दारात पोलीस पाटील दिसला तरी ती मागच्या परसात जाऊन उभी राहायची. तिला बोलकं केलं ते बहात्तरच्या दुष्काळानं, आणि तेही चुकून.

गावापासून कोसभरावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. गडीमाणसं खोदायची, बायका पाट्या वाहायच्या. तान्ही लेकरं बांधाच्या कडेला फाटक्या लुगड्याखाली टाकलेली असायची. ऊन सरकलं की लेकरू उन्हात यायचं आणि रडायचं, पण मुकादम जेवणाच्या सुट्टीशिवाय बाईला जागची हलू द्यायचा नाही. हे महिनोन् महिने चाललं होतं आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता.

एके दिवशी शेजारच्या नागुबाईला चक्कर आली. ती डोक्यावरची पाटी टाकून मट्‌कन खाली बसली. मामी तिच्या मागंच होती. तीही बसली आणि पदरानं वारा घालू लागली. मुकादम ओरडत आला, "उठा! काय बाजार हाय का ह्यो?" नागुबाईला उठवेना आणि मामीला भीतीनं बोलवेना. ती मान खाली घालून तशीच बसून राहिली. मागून येणाऱ्या दोघींनी पाहिलं, दोघी बसल्यात. त्यांनीही पाट्या टाकल्या आणि बसल्या. मग त्यांच्या मागच्या. बघता बघता सगळी रांग खाली बसली. कुणी कुणाला एक शब्द बोललं नव्हतं.

नेमकी त्याच वेळी इंजिनिअर साहेबाची जीप आली. साहेबानं विचारलं, "काय मागणी आहे तुमची?"

"मागणी मंजी काय ते मला ठावं नव्हतं," मामी सांगायची. "नागुबाईला चक्कर आली, एवढंच. पन सगळ्या माझ्याकडं बघून राहिल्या. मी म्होरं बसले होते ना! मग मी मनलं, सायेब, लेकरायला सावली पायजे. आन् पानी."

साहेबानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी बांधाच्या कडेला लिंबाच्या फांद्यांचा मांडव उभा राहिला आणि त्यात पाण्याचा रांजण आला. नागुबाई जिथं तिथं सांगत सुटली, "धुरपतीनं बशिवलं आमाला." मामी आधी नाही-नाही म्हणायची. पुढं तिनं नाही म्हणणं सोडून दिलं. तिच्या बोलण्यावर एक जीपवाला साहेब हलला होता. ती चव तिला कधी विसरता आली नाही.

आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात राहिली. ऊन तर सगळ्यांनाच लागत होतं, लेकरं सगळ्यांचीच रडत होती. तरी बायका उन्हासाठी बसल्या नव्हत्या. दोघी बसलेल्या दिसल्या, म्हणून बसल्या.

पुढच्या आठ-दहा वर्षांत हातपंपासाठी, रेशनसाठी, एसटी फाट्यावर थांबावी म्हणून मामीनं बायका गोळा केल्या. तिची एक रीत होती. ज्या घरी जायची तिथं चुलीपाशी बसायची, इकडचं तिकडचं बोलायची, पीठ संपत आलं असलं तर जात्याचा खुंटा धरायची. मग सहज म्हणायची, "उद्या तहसीलला जायचं हाय." समोरची बाई कशासाठी, असं क्वचितच विचारायची. पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कोण कोण येऊन राहिलंय?"

मामी म्हणायची, "तुळजाबाई येऊन राहिली." मग तुळजाबाईकडे जाऊन म्हणायची, "नागुबाई येऊन राहिली." खरं तर तोवर दोघींपैकी कुणीच हो म्हटलेलं नसायचं. पण दिवस मावळेपर्यंत दोघी हो म्हणालेल्या असायच्या, त्यामुळे मामीला आपण खोटं बोललो असं कधी वाटलंच नाही.

एक्क्याऐंशी साली वेगळ्या जिल्ह्याची मागणी गावोगाव पोचली. लातूर जिल्हा व्हावा, उस्मानाबादची पायपीट चुकावी, असं सगळेच म्हणत होते. आमच्या गावात अमृतराव होते, तालुक्याला उठबस असलेले, खादीचा सदरा घालणारे. त्यांनी मामीला बोलावून घेतलं.

"धुरपताबाई, फाट्यावर रस्ता रोको हाय. बायका म्होरं असल्या की पोलीस हात उगारत न्हाईत. एक ट्रक भरंल एवढ्या बायका पायजेत."

"भरते की," मामी म्हणाली.

तिनं गाव पालथं घातलं. बायका का आल्या, हे मी तिला एकदा विचारलं होतं. ती हसली होती. तुळजाबाईला सुनेशी झालेल्या भांडणातून एक दिवस बाहेर पडायचं होतं. एकीला वाटलं, नवी कचेरी झाली तर पोराला शिपायाची नोकरी लागेल. एकीला ट्रकमध्ये बसायचं होतं. बौद्धवाड्यातली भामाबाई तेवढी नीट विचार करून आली. तिच्या नवऱ्याचं जमिनीचं प्रकरण उस्मानाबादला पडून होतं आणि त्या चकरांनी ती बेजार झाली होती. बाकीच्यांना जिल्हा म्हणजे काय, हे सांगता आलं नसतं. "लोकायला जिल्हा लागत न्हाई गं, सोबत लागती," मामी म्हणाली, आणि मग तिनं हसू आवरलं. कारण पुढची गोष्ट रत्नम्माची होती.

गावात गुरुबसप्पांचं किराणा दुकान होतं. त्यांचा धाकटा मुलगा मल्लिकार्जुन, त्याची बायको रत्नम्मा. हुमनाबादकडची, लग्नाला तीन-चार वर्षं झालेली, अजून मूलबाळ नव्हतं. तिला मराठी धड यायची नाही. ती "पाणी आली" म्हणायची, "मी येतो" म्हणायची, आणि हातपंपावर बायका तोंडाला पदर लावायच्या. घरात सासू उमाबाईंना कानडी यायची, पण त्या कानडी काढायच्या ती फक्त सुनेला रागवताना. हळदीकुंकवाला गावातल्या बायका उमाबाईंना बोलवायच्या, सुनेला वेगळं बोलावणं कुणी करायचं नाही. ती वाईट होती म्हणून नव्हे. कुणाच्या मनातच यायचं नाही.

मामीच्याही मनात आलं नव्हतं. पण दोघी-तिघींनी ऐनवेळी नाही म्हटलं, ट्रक भरेना, आणि हातपंपावर रत्नम्मा एकटी घागर भरत उभी होती.

"ए रत्नम्मा, उद्या फाट्यावर चल आमच्या संगं."

रत्नम्मानं घागर खाली ठेवली. मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे का ते. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "मी? मला बोलावलं, अक्का?"

"तुलाच. सगळ्या येऊन राहिल्यात."

"अत्ते?" म्हणजे सासू. उमाबाई दोन दिवस उदगीरला मठात गेल्या होत्या, उद्या दुपारी यायच्या होत्या.

"सासूला मी सांगते. तू ये बिनघोर."

मामीनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उमाबाई नको म्हणाल्या असत्या, आणि ट्रकमध्ये एक जागा रिकामी राहिली असती. संध्याकाळी परत यायचंच आहे, आल्यावर सांगू, असा तिनं विचार केला. मल्लिकार्जुन दुकानात होता. त्यालाही ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी रत्नम्मा लग्नातलं इरकली लुगडं नेसून आली. पदरात शेंगदाणे आणि गुळाचा खडा बांधून आणला होता. तुळजाबाई म्हणाली, "वऱ्हाडाला निघालीस की काय गं?" सगळ्या हसल्या. रत्नम्माही हसली. पण ते हातपंपावरचं हसणं नव्हतं, मामीलाही ते कळलं. ट्रक चालू झाला तसा तिनं शेंगदाणे सगळ्यांना वाटले.

फाट्यावर त्या डांबरी सडकेवर आडव्या बसल्या. दोन्ही बाजूला एसट्या थांबल्या. घोषणा सुरू झाल्या. रत्नम्माचा आवाज खणखणीत होता, कुणाला ठाऊकच नव्हतं. ती ओरडायची, "जिल्हा झाली पाहिजे!" आणि सगळ्या बायका मुद्दाम तिच्यासारखंच ओरडू लागल्या, "झाली पाहिजे!" उन्हानं सडक तापली होती, बूड भाजत होतं, आणि तरी कुणी उठेना. मामी सांगायची, तिनं इतके मोर्चे पाहिले, पण इतकं खुशीत असलेलं माणूस कुठल्या मोर्चात पाहिलं नाही.

दुपारी पोलिसांच्या गाड्या आल्या. मारहाण काही झाली नाही. बायकांना गाडीत बसवून तालुक्याला नेलं आणि एका शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं. नेहमीसारखं दिवस मावळताना सोडतील, असं सगळ्यांना वाटत होतं. पण साहेब बाहेरगावी गेले होते, सही सकाळीच होणार, असं कळलं. एक-दोघी रडायला लागल्या. मग भात आणि वरणाचं भांडं आलं आणि वाढायला भामाबाई उठली. तिच्या हातचं घ्यावं की नाही म्हणून एक-दोघी चुळबुळल्या. रत्नम्मानं पत्रावळ पुढं केली, "मला घाल, अक्का." मग बाकीच्यांनीही केल्या.

जेवणानंतर तिनं एक कानडी गाणं म्हटलं. कुणाला अर्थ कळला नाही, पण नागुबाईनं ते तिला पुन्हा म्हणायला लावलं. मामीच्या शेजारी अंथरलेल्या सतरंजीवर बसून रत्नम्मा म्हणाली, "अक्का, इथं लई बरं वाटून राहिलं."

तेव्हा मामीला पहिल्यांदा आठवलं, उमाबाई दुपारीच उदगीरहून परतल्या असणार होत्या.

सकाळी सगळ्यांना सोडलं. गावच्या वेशीवर हलगी होती, गुलाल होता. अमृतरावांनी प्रत्येकीच्या कपाळाला गुलाल लावला. तुळजाबाईच्या नवऱ्यानं जन्मात पहिल्यांदा तिला चहा करून दिला, हे ती मरेपर्यंत सांगायची. मिरवत मिरवत बायका आपापल्या घरी गेल्या. रत्नम्मा गुरुबसप्पांच्या दारात पोचली तर उमाबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. मामी रस्त्याच्या पलीकडे होती, तिला सगळं ऐकू आलं.

"कुठं व्हतीस रातभर?"

"अक्कासंगं. जिल्ह्यासाठी."

"कुनाला इचारून?"

"अक्कानं सांगितलं तुमाला."

"मला कुनी काय सांगितलं न्हाई. कुनाच्या हातचं जेवलीस?"

रत्नम्मानं खरं सांगितलं. तिला लपवायचं सुचलंही नसेल. उमाबाईंनी दार लावून घेतलं. सून अंगणात उभी, कपाळाला गुलाल तसाच. दुपारी तिला आत घेतलं, पण घरात नाही, दुकानामागच्या पोत्यांच्या खोलीत. माहेरी निरोप गेला, मुलीला घेऊन जा. मूल होत नव्हतं, हे कारण आधीपासून मनात होतंच. त्यांना निमित्त हवं होतं, ते मामीनं दिलं.

मामी अमृतरावांकडे गेली. ते पेपर वाचत होते.

"बाई, तो त्यांचा घरचा मामला हाय," ते म्हणाले. "आपन त्यात पडलो तर चळवळीचं नाव खराब व्हईल. उद्या दुसऱ्या गावच्या बायका यायच्या न्हाईत."

मग मामीनं तेच करायचं ठरवलं जे तिला येत होतं. बायका गोळा करायच्या, सगळ्यांनी मिळून उमाबाईंच्या ओसरीवर जाऊन बसायचं आणि म्हणायचं, आम्ही सगळ्याच रात्रभर तिथं होतो, ती आमच्यात होती, तिला घरात घ्या. एवढंच. गावातल्या निम्म्या बायका ओसरीवर बसल्या असत्या तर गुरुबसप्पांसारखा दुकानदार माणूस नाही म्हणू शकला नसता. मामीला याची खात्री होती, शेवटपर्यंत.

ती आधी नागुबाईकडे गेली.

"कोण कोण येऊन राहिलंय?" नागुबाईनं विचारलं.

मामीच्या ओठावर तुळजाबाईचं नाव आलं होतं. पण त्या दिवशी तिला स्वतःचीच किळस आली होती. त्या पोरीला आपण खोटं बोलून नेलं, आता पुन्हा खोटं बोलायचं नाही, असं तिनं येताना मनाशी ठरवलं होतं.

"आजून कुनी न्हाई," ती म्हणाली. "तुलाच पयली इचारून राहिले."

"मग बाकीच्या येऊ दे. मी काय, हायेच."

तुळजाबाईही तेच म्हणाली. तिसरीही तेच. चौथीनं सांगितलं, "आमचं खातं हाय त्यांच्या दुकानी." प्रत्येकीला रत्नम्माचं वाईट वाटत होतं. प्रत्येकजणी दुसरी उठायची वाट पाहत होती. भामाबाई तेवढी लगेच उभी राहिली, पण दारापर्यंत येऊन थांबली. "मी येते गं धुरपताबाई. पन मी आले तर तिचं आजून वंगाळ व्हईल. हातचं जेवली मनूनच तर काढून राहिलेत."

मामी एकटीच गेली. उमाबाईंनी तिला बस म्हटलं नाही.

"चूक माझी हाय," मामी म्हणाली. "तुमाला सांगायचं मी कबूल केलं होतं. तिला घरात घ्या. गावाला बी तसंच वाटून राहिलंय."

उमाबाईंनी तिच्या मागं रस्त्यावर नजर टाकली. रस्ता रिकामा होता.

"गावाला काय वाटतं, ते दिसून राहिलंय मला," त्या म्हणाल्या.

तीन-चार दिवसांनी रत्नम्माचा बाप आला. दुपारच्या गाडीनं तो तिला घेऊन गेला. फाट्यावर तिला पोचवायला कुणी गेलं नाही. मामीही गेली नाही. कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून ती परसात उभी राहिली, लग्न होऊन आल्यावर राहायची तशी. गाडीचा हॉर्न ऐकू आला, तेवढाच.

"खोटं बोलून सगळ्यायला सडकंवर बशिवलं," ती मला म्हणायची, "आन् जिथं खोटं बोलायला पायजे होतं, तिथंच मला खऱ्याची हौस आली. नागुबाई येऊन राहिली, एवढं मनलं असतं तुळजाबाईला, तर दिवस मावळायच्या आत ओसरी भरली असती." डाळ चाचपणारी तिची बोटं अशा वेळी थांबायची.

पुढच्या वर्षी ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले, अमृतरावांनी भाषण केलं. त्यात मामीचं नाव घेतलं आणि तिला नारळ आणि खण दिला. जिल्हा झाल्यानं फरक पडला नाही असं नाही. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येऊ लागलं. भामाबाईच्या नवऱ्याच्या प्रकरणाचा निकाल लागला. मामीला त्याचा आनंद झाला, पण तो खण तिनं शिवला नाही, माझ्या आईला देऊन टाकला.

त्यानंतर तिनं कुणाच्या चुलीपाशी बसून हाक मारली नाही. पुढं पुन्हा दुष्काळ पडला, शेजारच्या गावाला टँकर यायचा आणि चिंचवाडीला यायचा नाही. नव्या सुना मामीकडे आल्या. "तुमी आल्या तर बाकीच्या येतील, मामी." ती नाही म्हणाली. गुडघे दुखतात म्हणाली. पाच-सात जणी तहसीलला गेल्या आणि फाटकातूनच परत आल्या. त्या उन्हाळ्यात नागुबाईनं सत्तरी ओलांडलेल्या वयात माळापलीकडच्या विहिरीवरून पाणी वाहिलं. मामी ते बघत होती. एका चुकीपायी आपण रत्नम्मापाठोपाठ गावालाही बुडवलं, हेही तिला कळत होतं. पण कुणा बाईच्या दारात जाऊन "चल" म्हणायला तिची जीभ उचलेना.

बऱ्याच वर्षांनी बिदरला एका लग्नाला गेली असताना ती विचारत विचारत हुमनाबादकडच्या त्या गावी पोचली. रत्नम्मा भावाच्या घरी होती. मल्लिकार्जुनानं दुसरं लग्न केलं होतं, हिनं केलं नव्हतं. ओसरीवर मशीन टाकून पोलकी शिवत होती. केस पांढरे झाले होते. मामीला पाहून तिनं कैची खाली टाकली आणि दोन्ही हात धरले.

"अक्का! जिल्हा झाली का?"

"झाला."

"चांगलं झालं." तिनं चहा केला, शेजारणींना बोलावून मामी दाखवली, कानडीत काय काय सांगितलं. मग जवळ सरकून म्हणाली, "अत्ते खोटं बोलत होती, अक्का. मनत होती कुणी सांगितलं नाही. मी लई भांडलो तिच्याशी. मी मनलं, अक्का कधी खोटं बोलत नाही."

मामीच्या हातात चहाचा कप होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तिनं चहा पिऊन संपवला, कप खाली ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठली.

हे तिनं मला सांगितलं त्या दिवशी तिची पट्टी काढली होती. ती म्हणाली, "मला एकडाव तिकडं घेऊन चल. आता दिसून राहिलंय, तोवर."

दिवाळीनंतर आम्ही दोघी गेलो. नांदेडहून उदगीर, उदगीरहून बिदर, तिथून पुढं. घर तेच होतं, ओसरीवर मशीन मात्र नव्हतं. रत्नम्मा वर्षापूर्वीच, कार्तिकात गेली होती. तिची भावजय महानंदा भली बाई होती. तिला मराठी येत नव्हती, आम्हाला कानडी येत नव्हती, मोडक्या हिंदीत काम चाललं. कोण तुम्ही, असं तिनं विचारल्यावर मामी म्हणाली, "चिंचवाडीची." महानंदाचा चेहरा खुलला. रत्नम्मा चिंचवाडीचं नेहमी सांगायची म्हणे. जिल्ह्यासाठी जेलात गेले होते, असं सांगायची, सगळ्या बायका एकत्र, गाणी म्हटली. आल्यागेल्याला सांगायची.

मामी ओसरीच्या खांबाला टेकून बसली आणि बोलायला लागली. मराठीत, आपल्या गावच्या बोलीत. हातपंपापासून सुरुवात केली. सासूला सांगते म्हणाले आणि सांगितलं नाही, ट्रक भरत नव्हता, तू एकटी उभी होतीस, मी तुला मोजायला नेलं. मध्येच ती महानंदाला "तू" म्हणत होती, जणू समोर रत्नम्माच बसली होती. महानंदा मन लावून ऐकत होती. मधूनमधून "हां, हां" म्हणत होती. तिला फक्त रत्नम्माचं नाव कळत असावं. मामीचं सांगून झालं तेव्हा तिनं उठून पाण्याचा तांब्या आणून दिला आणि मामीच्या पाठीवरून हात फिरवला.

बिदरच्या स्टँडवर उदगीरची गाडी लागलेली होती. मामी खिडकीशी बसली. उदगीरला उतरल्यावर लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत तिनं विचारलं, "तिला कळलं असंल का गं?"

"थोडं कळलं असेल," मी म्हणाले.

ती नांदेडच्या गाडीची चौकशी करायला खिडकीकडे गेली.